खोटी नोंद आणि खोटीची नोंद

अमेरिकन ट्रक ड्रायव्हरच्या जुन्या लॉगबुकचं एक पान कसं असतं ते आधी सांगतो. मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत चोवीस रकाने आणि एकाखाली एक चार ओळी. पहिली ओळ ‘सुट्टीवर’, दुसरी ‘केबिनमागच्या बर्थवर झोपलेला’, तिसरी ‘गाडी चालवतोय’, चौथी ‘कामावर आहे, पण चालवत नाही’. ड्रायव्हरने यात पेनाने एक सलग रेघ ओढायची. उठून गाडीची तपासणी केली की रेघ चौथ्या ओळीत, गाडी निघाली की तिसऱ्या, रात्री आडवा झाला की दुसऱ्या. दिवस संपेपर्यंत पानावर पायऱ्यापायऱ्यांची एक नक्षी तयार होते. माणसाचा अख्खा दिवस सांगायला एवढी लिपी पुरेल, अशी सरकारची समजूत.

ड्रायव्हर मंडळी या वहीला ‘कॉमिक बुक’ म्हणायची. कारण उघड आहे. वहीतली नक्षी आणि रस्त्यावरचा दिवस यांचा संबंध असेलच असं नाही. काही जण दोन वह्या ठेवायचे, काही जण आठवड्याची वही रविवारी बसून एकटाकी लिहून काढायचे. हे ड्रायव्हरला माहीत होतं, मालकाला माहीत होतं, गोदामवाल्याला माहीत होतं, आणि महामार्गावर वही तपासणाऱ्या पोलिसालाही माहीत होतं. कित्येक दशकं एक अख्खा उद्योग या सर्वमान्य खोट्यावर चालला. मग डिसेंबर २०१७ मध्ये पेन काढून घेण्यात आलं. बहुतेक लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये इंजिनाला जोडलेलं एक यंत्र बसवणं सक्तीचं झालं. त्याचं नाव इलेक्ट्रॉनिक लॉगिंग डिव्हाइस, थोडक्यात ईएलडी.

कॅरेन लेव्ही यांचं ‘डेटा ड्रिव्हन’ (प्रिन्स्टन युनिव्हर्सिटी प्रेस, २०२२) हे पुस्तक या बदलाबद्दल आहे. लेव्ही कॉर्नेल विद्यापीठात शिकवतात. त्या समाजशास्त्रज्ञ आहेत आणि वकीलही. सक्ती येण्याच्या कितीतरी आधी, २०११ पासून, त्या ट्रक थांबतात त्या थांब्यांवर जाऊन ड्रायव्हरांशी बोलत होत्या. पुस्तकाचा मुख्य प्रश्न साधा आहे: नियम मोडणं अशक्य करून टाकलं की नियमाचा हेतू साधतो का?

माझा या पुस्तकाशी संबंध कामाचा आहे. मी पुण्यात वाहनांच्या ताफ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका टीममध्ये आहे. आमचे ग्राहक बहुतेक अमेरिकेतले. वर सांगितलेल्या चार ओळी माझ्या रोजच्या कोडमध्ये आहेत, चारच किमती घेऊ शकणाऱ्या एका यादीच्या रूपात. पाचवी किंमत पाठवली तर सिस्टीम ती नाकारते. म्हणून हे पुस्तक मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा दाद देत, दुसऱ्यांदा भांडत.

खोटं का बोलावं लागत होतं

आधी नियम समजून घेऊ, कारण पुस्तकाचं मर्म त्यात आहे. अमेरिकेत ड्रायव्हरांच्या तासांवर मर्यादा १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून आहे. आजचा नियम साधारण असा: सलग १० तास सुट्टी घेतल्यावर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. हे ११ तास कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत बसले पाहिजेत. ८ तास चालवल्यावर ३० मिनिटांचा खंड. आणि ७ दिवसांत ६० किंवा ८ दिवसांत ७० तास भरले की गाडी चालवणं बंद.

वाचायला शहाणपणाचं वाटतं. थकलेला ड्रायव्हर रस्त्यावर नको, हे कोण नाकारेल? पण यातली १४ तासांची अट नीट पाहा. २००४ पूर्वी कामाचे तास मोजताना मधली विश्रांती वगळली जायची; दुपारी दोन तास डुलकी काढली तर घड्याळ थांबायचं. २००४ पासून ते थांबेना. एकदा दिवस सुरू झाला की चौदा तास सरकत राहतात, तुम्ही चालवा, झोपा किंवा रांगेत उभे राहा. म्हणजे विश्रांतीसाठी केलेल्या नियमात दुपारी डोळे जड झाल्यावर गाडी बाजूला घेणं हे नुकसानीचं झालं. २०२० मध्ये यात थोडी सैलता आली, पण मूळ रचना तीच आहे.

दुसरी गोष्ट पगाराची. लांब पल्ल्याच्या अमेरिकन ड्रायव्हरला बहुधा मैलावर पैसे मिळतात. चाक फिरलं तर पैसा. त्यातच १९३८ च्या श्रम कायद्याने कारखान्यातल्या कामगाराला चाळीस तासांनंतर दीडपट मजुरी दिली, पण महामार्गावरच्या ड्रायव्हरांना त्यातून वगळलं. १९८० साली हा धंदा नियंत्रणमुक्त झाला, स्पर्धा वाढली, भाडी आणि मजुरी घसरली. या घसरणीवर मायकेल बेल्झर यांचं ‘स्वेटशॉप्स ऑन व्हील्स’ आणि स्टीव्ह व्हिसेली यांचं ‘द बिग रिग’ ही चांगली पुस्तकं आहेत. लेव्ही त्यांच्याच वाटेने पुढे जातात.

आता एक दिवस घ्या. समजा, ड्रायव्हर सकाळी ६ ला निघाला. एक तास गाडी चालवून ७ ला गोदामाशी पोचला. तिथे माल भरायला रांग. गाडी सुटली दुपारी १ ला. सहा तास गेले, पैसे नाहीत किंवा नावापुरते. त्याची चौदा तासांची मुदत रात्री ८ ला संपणार. कागदोपत्री त्याला अजून १० तास चालवायची मुभा आहे, पण हातात सातच उरलेत. तीन तासांची कमाई रांगेत गेली आणि माल मात्र ठरल्या वेळेलाच पोचवायचाय. जुन्या काळी तो काय करायचा? वहीत लिहायचा की दिवस दुपारी १२ ला सुरू झाला.

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे. आपण म्हणतो, ‘माझी खोटी झाली.’ म्हणजे मी विनाकारण अडकून पडलो, माझा वेळ दुसऱ्या कुणामुळे फुकट गेला. अमेरिकन ट्रकधंद्यात त्याला ‘डिटेन्शन’ म्हणतात. कोरा, हिशेबी शब्द. आपला शब्द जास्त जाणता आहे, कारण त्याच्या शेजारीच दुसरा ‘खोटी’ उभा आहे, खोटेपणाचा. लॉगबुकची सगळी गोष्ट या दोन शब्दांमध्ये आहे. ड्रायव्हरची खोटी झाली म्हणून नोंद खोटी झाली. ईएलडीने दुसऱ्या खोटीवर इलाज केला आणि पहिलीला हात लावला नाही.

यंत्र काय करतं

यंत्राचं काम मी आतून ओळखतो. गाडीचा वेग ताशी ५ मैलांपुढे गेला की ते स्वतःहून ‘चालवतोय’ असं लिहितं. गाडी सलग ५ मिनिटं थांबली की ड्रायव्हरला विचारतं, आता काय चाललंय? मिनिटभरात उत्तर आलं नाही तर स्वतःच ‘कामावर, पण चालवत नाही’ लिहून टाकतं. गाडी चालू असताना दर तासाला ठिकाण टिपतं. आपोआप नोंदला गेलेला चालवण्याचा वेळ कुणालाही कमी करता येत नाही. बाकी नोंदींत दुरुस्ती करायची तर कारण लिहावं लागतं, आणि मालकाने सुचवलेली दुरुस्ती ड्रायव्हरने मान्य करावी लागते.

म्हणजे वहीचा लेखक बदलला. आधी ड्रायव्हर लिहायचा. आता ट्रक लिहितो आणि ड्रायव्हर सही करतो.

लेव्ही यांच्या पुस्तकाचा सगळ्यात जिवंत भाग इथे सुरू होतो. त्या दाखवतात की हे यंत्र कायद्यापुरतं कधीच नव्हतं. इंजिनाला जोडलेल्या त्याच पेटीतून मालकाला इंधन, वेग, ब्रेक किती जोरात दाबला, गाडी कुठे किती वेळ उभी आहे, हे सगळं दिसतं. पूर्वी ड्रायव्हर फोनवर सांगायचा, ‘पुढे बर्फ पडतोय, थांबतो.’ रस्त्याचं ज्ञान त्याच्याकडे होतं, म्हणून शब्दाला वजन होतं. आता हजार मैलांवरच्या कार्यालयात बसलेल्या डिस्पॅचरला पडद्यावर दिसतं की त्याचे अजून पावणेतीन तास शिल्लक आहेत. ‘तास आहेत ना, मग चल.’ कायद्याने घातलेली कमाल मर्यादा व्यवहारात किमान अपेक्षा होऊन बसते.

हे वाचताना मला आमच्याकडे आलेली एक मागणी आठवली. ड्रायव्हरच्या दहा तासांच्या विश्रांतीतली शेवटची पंधरा मिनिटं उरली की डिस्पॅचरच्या पडद्यावर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका यावा, म्हणजे पुढची खेप लगेच देता येईल. मागणीत गैर काहीच नव्हतं. कुठलाही नियम मोडत नव्हता. दोन दिवसांचं काम. पण त्या ठिपक्याचा अर्थ असा की माणूस अजून झोपलेला असताना कार्यालयाच्या लेखी तो ‘उपलब्ध’ होतो. लेव्हींच्या पुस्तकात अशा ठिपक्यांखाली जगणारी माणसं भेटतात.

तपासणीच्या ठिकाणांवरचं प्रकरण तर एखाद्या एकांकिकेसारखं आहे. अमेरिकन ड्रायव्हर वजनकाट्याच्या चौकीला ‘कोंबड्यांचं खुराडं’ म्हणतात. तिथला पोलीस वर्षानुवर्षं वही हातात घेऊन, पानं उलटून, ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघून अंदाज बांधायचा. आता दर कंपनीचं यंत्र वेगळं, पडदा वेगळा, बटणं वेगळी. पोलीस पायरीवर लटकून केबिनमध्ये मान घालतो आणि ज्याला तपासायचंय त्यालाच विचारतो, ‘हे कुठे दाबायचं?’ अधिकार त्याचा, पण ज्ञान ड्रायव्हरचं. काही पोलीस मग यंत्रवाल्या गाड्या नुसत्या हात दाखवून सोडू लागले. आणि काही ड्रायव्हर यंत्र नसताना गाडीवर यंत्र असल्याचा स्टिकर लावून निघून जाऊ लागले. तंत्रज्ञानाने जे पकडायचं तेच तंत्रज्ञानाच्या चित्राखाली लपलं. हे विनोदी आहे आणि लेव्ही त्यातला विनोद जाणतात. पण हसून पुढे जात नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की यंत्राने व्यवस्थेपेक्षा व्यवस्थेचा देखावा जास्त निर्माण केला.

त्याला पुरावाही आहे. ॲलेक्स स्कॉट, अँड्र्यू बॉल्थ्रॉप आणि जेसन मिलर या तिघांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सक्तीनंतर तासांच्या नियमांचं उल्लंघन घटलं, विशेषतः छोट्या कंपन्यांत. अपघात मात्र घटले नाहीत. उलट छोट्या कंपन्यांच्या ड्रायव्हरांत वेगमर्यादा मोडण्यासारखे प्रकार वाढले. थोडा विचार केला तर यात नवल नाही. घड्याळ खोटं चालवता येत नसेल तर गाडी जोरात चालवायची. गोदामात गेलेले तीन तास कुठूनतरी काढायचे असतात. आधी ते वहीतून निघायचे, आता ॲक्सिलरेटरमधून निघतात.

पुस्तक कुठे थांबतं

इथवर मी लेव्हींच्या बाजूने आहे. त्यांचं गद्य विद्यापीठीय असूनही वाचनीय आहे. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला ‘आता मी हे सांगणार’ आणि शेवटी ‘मी हे सांगितलं’ अशी घंटा वाजते, तेवढी सहन करावी लागते. ड्रायव्हरांचे उद्गार चटकदार आहेत, पण तुकड्यातुकड्यांत येतात. एकही ड्रायव्हर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सोबत येत नाही. समाजशास्त्राची ती रीत असेल. तरीही एका माणसाचा एक पूर्ण आठवडा मला हवा होता.

जुन्या वहीबद्दल मात्र त्या भाबड्या होत नाहीत, ही मोठी गोष्ट आहे. खोटं लिहिण्याचं स्वातंत्र्य म्हणजे ड्रायव्हरचं स्वातंत्र्य, असा रोमँटिक सूर इथे सहज लागला असता. कारण ट्रकवाला म्हणजे मोकळ्या रस्त्याचा राजा, ही अमेरिकेची लाडकी दंतकथा. लेव्ही स्पष्ट सांगतात की ती खोटी वही मालकांच्याच सोयीची होती. थकलेला ड्रायव्हर गाडी ठोकायचा तेव्हा वहीवर सही त्याची असायची.

माझं भांडण दोन ठिकाणी आहे.

पहिलं, पुस्तकात ड्रायव्हर आहे, पोलीस आहे, मालक आहे, यंत्र विकणारी कंपनी आहे. यंत्र बनवणारा माणूस नाही. ‘तंत्रज्ञान असं करतं’, ‘यंत्र तसं करतं’, अशी वाक्यं येतात. पण मिनिटभरात उत्तर नाही आलं तर कुठली ओळ धरायची, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. डिस्पॅचरला काय दिसावं आणि ड्रायव्हरला काय दिसावं, हेही. यंत्राला निसर्गशक्ती मानलं की या निर्णयांना तोंड राहत नाही.

एक उदाहरण बघा. या यंत्रात कायद्याने एक ‘म्यूट’ची सोय असावी लागते: ड्रायव्हर बर्थवर झोपलेला असताना आवाज बंद करता आला पाहिजे. हे साधं बटण कुठून आलं? आधीच्या एका नियमाला ड्रायव्हरांच्या संघटनेने आव्हान दिलं होतं. २०११ साली शिकागोच्या अपील न्यायालयाने तो नियम रद्द केला, कारण या यंत्रांनी ड्रायव्हरांचा छळ होणार नाही याची काळजी सरकारने घेतली नव्हती. २०१२ मध्ये संसदेने सक्तीचा कायदा केला, आणि २०१५ च्या अंतिम नियमात इतर तरतुदींबरोबर हे बटणही आलं. झोपलेल्या माणसाला झोपू देणं ही ओळ कोडमध्ये यायला खटला लागला. मला अशा बटणांचा इतिहास हवा होता. कारण तिथेच कळतं की यंत्र असंच असायला हवं होतं असं काही नाही. ते कुणाच्या तरी दबावाने तसं झालं आणि दुसऱ्या दबावाने वेगळं होऊ शकतं.

याच धाग्यातली आणखी एक गोष्ट. ड्रायव्हरचा शब्द पुरेसा नाही म्हणून यंत्र आणलं. पण यंत्र नियमाप्रमाणे आहे हे कुणी ठरवायचं? सक्ती आली तेव्हा पद्धत ठेवली गेली ती स्वयंप्रमाणनाची: उत्पादकानेच जाहीर करायचं की माझं यंत्र बरोबर आहे, आणि सरकारने त्याचं नाव यादीत घालायचं. पुढे दोष सापडले म्हणून अनेक यंत्रं यादीतून काढावी लागली. मालवाहू ड्रायव्हरच्या सहीवर विश्वास नाही, सॉफ्टवेअर कंपनीच्या सहीवर आहे. अविश्वासाचीही उतरंड असते, आणि या उतरंडीत माझा धंदा वरच्या पायरीवर बसलाय.

दुसरं भांडण जास्त महत्त्वाचं. लेव्ही पुन्हा पुन्हा म्हणतात की खरा रोग पगाराच्या पद्धतीत आणि फुकट जाणाऱ्या वेळेत आहे. बरोबर आहे. पण त्या हे म्हणतात आणि परत केबिनमध्ये येतात. पुस्तकाचा कॅमेरा गोदामाच्या दारापर्यंत जातो, आत जात नाही. ट्रक सहा तास का उभा राहिला? आत माणसं कमी होती का? एकाच वेळी वीस गाड्यांना बोलावलं होतं का? ट्रकवाल्याचा वेळ गोदामवाल्याला फुकट पडतो, म्हणून तो कसाही वापरला जातो का? पाळत कुणावर आहे हे पुस्तक उत्तम सांगतं. कुणावर नाही, हे त्याने तितक्याच तपशिलाने सांगायला हवं होतं.

कारण इथे एक थक्क करणारी गोष्ट आहे. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकांनी जानेवारी २०१८ मध्ये, म्हणजे सक्तीनंतर साधारण दीड महिन्यात, या खोटीवरच एक अहवाल दिला. गोदामाशी थांबण्याचा सरासरी वेळ १५ मिनिटांनी वाढला तर अपघाताचं अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं, असा त्यांचा अंदाज. या थांबण्यामुळे भाड्याने पूर्ण ट्रक भरून नेणाऱ्या ड्रायव्हरांची वर्षाची कमाई १.१ ते १.३ अब्ज डॉलरने घटते, असा दुसरा अंदाज. आणि तिसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी, की खोटीची अचूक, उद्योगभराची आकडेवारीच उपलब्ध नाही. कारण बहुतेक जण करारात ठरलेल्या मुदतीपुढचा वेळच मोजतात. धंद्याची रीत अशी की पहिले दोन तास फुकटच धरायचे.

म्हणजे ट्रक किती वाजून किती मिनिटांनी हलला हे सरकारला हवं आहे, पण तो कुणाच्या दाराशी किती वेळ उभा राहिला, हे कुठल्याच ओळीत नाही. ती वेळ चौथ्या ओळीत जाते, ‘कामावर, पण चालवत नाही’. त्याच ओळीत डिझेल भरणं, टायर तपासणं आणि रांगेत ताटकळणं एकत्र बसतं. किंवा मालकाच्या सांगण्यावरून ती पहिल्या ओळीत, सुट्टीतही जाते. तांत्रिकदृष्ट्या पाचवी ओळ घालणं अवघड नाही. ठिकाण आणि वेळ यंत्राकडे आहेच. मालवाहतूक कंपन्या तीच माहिती काढून गोदामवाल्याकडे थांबण्याचे पैसे मागतातही. त्यातले ड्रायव्हरपर्यंत किती पोचतात हा वेगळा विषय. पण कायद्याच्या भाषेत त्या वेळेला नाव नाही, म्हणून ती कुणाचा गुन्हा होत नाही.

साहित्याच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. ज्या भाषेत एखाद्या अनुभवाला क्रियापद नाही, त्या भाषेत तो सिद्ध करता येत नाही. चार ओळींची ही भाषा ड्रायव्हरने काय केलं एवढंच सांगू शकते. ड्रायव्हरला काय करायला लावलं गेलं, हे तिला सांगता येत नाही. तिच्यात कर्मणी प्रयोगच नाही.

आपल्याकडे

हे सगळं दूरचं वाटेल, पण आपल्याकडचा कागद अमेरिकेपेक्षा उदार आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले. लांब पल्ल्याला परवानगीने १० आणि ५४. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती. पुढे हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत सामावला गेला. मूळ कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. एक-दोन ट्रकच्या मालकाकडे, एक ड्रायव्हर आणि एक क्लीनर एवढ्यावर चालणारी गाडी त्याच्या बाहेर राहिली. महामार्गावरच्या कुठल्याही ढाब्यावर उभं राहून बघा, अशा गाड्या किती ते.

सप्टेंबर २०२१ मध्ये नितीन गडकरी यांनी म्हटलं होतं की वैमानिकांप्रमाणे ट्रक ड्रायव्हरांचेही तास ठरवावेत आणि गाडीत झोप ओळखणारे सेन्सर बसवावेत. पहिली सूचना कामगाराच्या बाजूची आहे. दुसरी लेव्हींच्या पुस्तकातून वाचली की काळजी वाटते. त्यांच्या ‘रोबोट्रकर्स’ या प्रकरणात पुढची पायरी आहे: चेहऱ्यावर रोखलेले कॅमेरे, डोळ्यांची उघडझाप मोजणारी आणि अंगावर घालायची यंत्रं. ट्रक स्वयंचलित होऊन ड्रायव्हर लवकरच नाहीसा होईल असं सगळे म्हणतात. लेव्हींना दिसतं ते असं, की तोवर यंत्र ड्रायव्हरच्या शरीरात शिरतंय. सेन्सर सांगेल की याचे डोळे मिटतायत. का मिटतायत, हे विचारायला सेन्सर बांधील नाही. भाडं ठरवणाऱ्याचे डोळे मोजणारं यंत्र अजून कुणी मागितलेलं नाही.

आपल्याकडे सक्ती येईल तेव्हा कोड बहुधा पुण्या-बंगळुरातच लिहिलं जाईल, आणि अमेरिकेतल्या चार ओळी तशाच्या तशा उचलल्या जातील, कारण त्या तयार आहेत. म्हणून हे पुस्तक मला वकिलांपेक्षा आणि समाजशास्त्रज्ञांपेक्षा माझ्या शेजारच्या टेबलांवर हवं आहे. आमच्यापैकी प्रत्येक जण आठवड्याला टाइमशीट भरतो. ‘बिलेबल’ आणि ‘नॉन-बिलेबल’ हे दोन रकाने आम्हाला पाठ आहेत. ग्राहकाकडून उत्तर येईना म्हणून वाया गेलेला दिवस कुठल्या रकान्यात टाकायचा, यावर कॅन्टीनमध्ये विनोद होतात. तरीही त्या दिवसाचा पगार आम्हाला मिळतो. हॉटेलच्या दाराशी पार्सलची वाट बघणाऱ्या मुलाला मिळतो का, हे आपल्या फोनवरच्या नकाशात दिसत नाही. तिथे फक्त त्याची दुचाकी एका जागी थांबलेली दिसते, आणि आपण चिडतो.

लेव्ही शेवटी तंत्रज्ञान फेकून द्या असं म्हणत नाहीत. मीही म्हणत नाही. पेनाची वही परत आणून कुणाचं भलं होणार नाही, आणि थकलेल्या माणसाने चाळीस टनांची गाडी चालवू नये हे आजही खरं आहे. मार्च २०२० मध्ये महामारी आली तेव्हा अमेरिकन सरकारने मदतीचा माल नेणाऱ्यांसाठी तासांचे हे नियम देशभर तात्पुरते उचलले. एका रात्रीत. म्हणजे नियम दगडावर कोरलेले नाहीत; दुकानं रिकामी पडतील म्हटल्यावर ते हलतात. ड्रायव्हरची झोप पुरी व्हावी म्हणून ते त्याच वेगाने हलताना अजून दिसलेले नाहीत.

‘डेटा ड्रिव्हन’ हे पुस्तक वाचावं ते यासाठी. त्यात उत्तरं कमी आहेत. पण कुठलंही ॲप, कुठलीही नोंदवही, कुठलाही हजेरीचा पडदा समोर आला की एक प्रश्न विचारायची सवय ते लावतं: यात कुणाचा वेळ मोजला जातोय, आणि तो वेळ खाणाऱ्याचं नाव कुठल्या रकान्यात आहे? आमच्या पुढच्या आवृत्तीच्या मागण्यांच्या यादीत मी एक ओळ घातली आहे. ‘थांबा: कुणामुळे’ असा एक पर्याय, ड्रायव्हरला स्वतः निवडता येणारा, गोदामाच्या पत्त्यासह. कायदा तो मागत नाही, म्हणून ग्राहकही मागणार नाही, असं मला सांगण्यात आलं आहे. प्राधान्यक्रमात ती सध्या सगळ्यात खाली आहे.